मुलाखत क्रमांक चौदा

रहिमाबी प्रबंध शिवते, वाचत नाही, असा दुकानात येणाऱ्या प्राध्यापकांचा समज आहे. बीडमधल्या एका कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान. पाटीवर नाव शफीचं, पुढं टेबलावर शफी, आणि पडद्यामागं दाभण, दोरा नि खळीचं पातेलं घेऊन बसलेली त्याची बायको. बावीस वर्षांत जिल्ह्यातल्या किती पीएचड्या तिच्या मांडीवरून गेल्या, मोजदाद नाही.

आणि तिनं त्या वाचल्या. उर्दू शाळेत सातवीपर्यंत गेलेली ही बाई मराठी शिकली ती सोयाबीनवरच्या खोडमाशीपासून. मग धारूर किल्ल्यातली पाण्याची टाकी, भारुडातली सोंगं, कपिलधारच्या यात्रेतले दुकानदार, बालाघाटातली गवतं. गवतवाल्या पोराच्या पानांतून एकदा वाळलेली काडी खाली पडली. तिनं ती उचलून बरोब्बर मारवेल गवताच्या पानात ठेवली. पोरगा बघतच राहिला.

तिच्या लेखी प्रबंध दोनच प्रकारचे. "एक चाललेला आन् एक बसलेला," ती म्हणायची. "चाललेल्याच्या पानाला धूळ असती. बसलेला लई गुळगुळीत."

तेजश्रीचा चाललेला. दिंद्रुडची ही मुलगी पाच वर्षं एसटीनं जिल्हाभर फिरली, घरच्या धंद्यात राबणाऱ्या पण पाटीवर नाव नसलेल्या बायका शोधत. कासारणी, शिंपिणी, गिरणी चालवणाऱ्या. एकदा झेरॉक्स काढायला आली, वाऱ्यानं पडदा हलला आणि तिला रहिमाबी दिसली. तीन दुपारी ती पुठ्ठ्यांच्या ढिगाशेजारी मांडी घालून ऐकत राहिली.

रहिमाबीनं तिला शफीलाही न सांगितलेलं सांगितलं. तिचे अब्बा धारूरला बाइंडर. मुलगा नव्हता, म्हणून दाभण त्यांनी मुलीच्या हातात दिलं, आणि लोकांना सांगितलं की काम भाच्याचं आहे. ते गेले तेव्हा त्यांच्या निळ्या कागदाचं एक बंडल तिच्याकडं आलं. तेव्हापासून शिवलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीत, कापडाखाली, ती त्या कागदाची बोटभर पट्टी चिकटवते. "माझं नाव कुठंच न्हाई, बेटा. पर तिथं मी हाय."

ओळख लपवायची, या नियमाप्रमाणं तेजश्रीनं नाव बदललं. मुलाखत क्रमांक चौदा, अलमास. प्रकरणं सरांकडं, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांकडं दिली. सर दोन वर्षं म्हणत राहिले, अजून पक्कं नाही, पुन्हा लिहा.

मग गेल्या जूनमध्ये अमरसिंह आला. मोठ्या पुढाऱ्याचा मुलगा, त्याच सरांचा विद्यार्थी. पाच प्रती, मरून रंगाचं रेग्झिन, सोनेरी अक्षरं, उद्यापर्यंत पाहिजेत. गाडीचं इंजिन चालूच ठेवून त्यानं सांगितलं.

रहिमाबी पानं जुळवायला बसली आणि एकशे बारावर तिचा हात थांबला. तिचे अब्बा. तिचा निळा कागद. तिचं वाक्य, आणि पुढं, 'असे त्यांनी मला सांगितले.'

"ह्याला?" ती शफीला म्हणाली. "ह्या पोराचं तोंड मी आज पयल्यांदा बघितलं."

शफीनं ते पान दोनदा वाचलं. बावीस वर्षांच्या संसारात निळ्या कागदाचं त्याला आत्ता कळत होतं, तेही अमरसिंहकडून. पण तो म्हणाला, गप बस. सरांच्या पोरांवर दुकान चालतं.

तेजश्रीला बोलावलं. तिनं उभ्याउभ्याच पानं चाळली. पाचही प्रकरणं तिची. ती रडली नाही, तिनं हात जोडले. "चाची, बोलू नका. सर माझ्या प्रबंधावरची सही कायमची अडवतील. मी दुसरा विषय घेते."

त्या जोडलेल्या हातांनी रहिमाबीच्या डोक्यात आग गेली. "तुझा प्रबंध तू सोड न्हाईतर धर, बेटा. पर चौदा नंबर माझा हाय. तो मी कुणाला दिलेला न्हाई."

शफीला वाटलं, आता गठ्ठा रस्त्यावर जाणार. तिनं दाभण उचललं. पाचही प्रती शिवल्या, नेहमीसारख्या घट्ट. मग शिवतीस कशाला, शफीनं विचारलं.

"दुसऱ्यानं शिवला तर पाठ रिकामी जाईल."

आठ महिन्यांनी अमरसिंहच्या खुल्या मौखिकीची सूचना निघाली. 'इच्छुकांनी उपस्थित राहावे.' तिच्या प्रती निघाल्या शफीच्याच मशीनवर. अशा मौखिकीला इच्छुक येतात ते जेवायला. हॉलमध्ये हार, फेटे, व्हरांड्यात झाकलेली पातेली. पाहुण्यांच्या फेट्यांचं तबक सरांनी धरायला दिलं होतं तेजश्रीकडं. होय, तेजश्रीकडंच. मी त्याच कॉलेजात शिकवते; मीही तिथं होते, शेवटून दुसऱ्या रांगेत.

अमरसिंहनं वाचून दाखवलं. कुणाला काही विचारायचंय का, असं सरांनी रिवाजापुरतं म्हटलं आणि ते उठायला लागले. मागून रहिमाबी उभी राहिली.

"चौदा नंबरच्या बाईला तुमी कुठं भेटलात?"

अमरसिंहनं सरांकडं पाहिलं. "धारूरला. त्यांच्या घरी."

"आता कुठं हाय ती?"

"वारल्या त्या."

"मेले न्हाई मी," रहिमाबी म्हणाली. "हितं उभी हाय."

सर हसले. "अहो, तुम्ही शफीच्या घरच्या ना? इथं संशोधनाची चर्चा चाललीय. तुमचा काय संबंध?"

"तुमी सही केली ना त्याच्यावर? मग एकशे बारा पान वाचा. संबंध तिथं लिवलाय."

पान उघडलं ते बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाईंनी. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, निळ्या पट्टीपर्यंत. तोवर रहिमाबी टेबलापाशी पोचली होती. पिशवीतून तिनं कटर काढलं आणि फाडू का, विचारलं. बाईंनी प्रत पुढं सरकवली.

स्वतःच्या हातानं शिवलेलं पुस्तक तिनं आयुष्यात पहिल्यांदा फाडलं. आत निळा कागद.

"ह्यानं लिवलं, पर वाचलं न्हाई," ती म्हणाली. "हे ऐकलं ते ह्या तेजश्रीनं. माझ्या दुकानात, जमिनीवर बसून."

पन्नासेक शिकलेली माणसं होतो आम्ही. सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. तबक खाली ठेवल्याचा आवाज आला. "माझ्याकडं डायऱ्या आहेत," तेजश्री म्हणाली. "तारखांसकट."

परीक्षक बाईंनी पेनाचं टोपण लावलं. सही झाली नाही. पातेली झाकलेलीच राहिली.

चौकशी समिती नेमली आहे, ती अजून बसलेली आहे. सर शिकवतात. 'डॉ. अमरसिंह' यांच्या अभिनंदनाचं बॅनर मौखिकीच्या आदल्या दिवशीच चौकात लागलं होतं, ते कुणी उतरवलं नाही. सरांची पोरं आता बाइंडिंगला दुसरीकडं जातात, आणि शफी त्यावरून अधूनमधून कुरकुरतो.

तेजश्रीला दुसरे मार्गदर्शक मिळाले. परवा ती पानं घेऊन आली. रहिमाबीनं आधी चौदा नंबर काढला आणि नावावर बोट ठेवलं. "ही अलमास कोण?"

"चाची, नियम आहे. नाव लपवावं लागतं."

"लपवलं म्हणून तर मला मारता आलं त्याला. खोड. रहिमाबी लिव."

मग संमतीपत्र बदलावं लागेल, तेजश्री म्हणाली, त्यावर तुमची नव्यानं सही लागेल. रहिमाबीनं खळीचे हात पदराला पुसले आणि टेबलावरचं शफीचं पेन उचलून घेतलं.

"आण. कुठं करू?"