जाताना एकाच ऑटोनं

आत्यांकडे भांडण घेऊन गेलं की त्या पाणी विचारायच्या आधी मिरच्यांनी भरलेलं सूप पुढे सरकवत. वाळलेल्या, लालभडक मिरच्या. भिवापूरला त्यांच्या भावाचं शेत होतं आणि दर उन्हाळ्यात तो एक पोतं पाठवत असे. 'घ्या. देठ खुडा. खुडता खुडता बोला.' समोर फारकतीला आलेलं जोडपं असो की कारखान्याचा मालक आणि त्याचा फोरमन, नियम एकच. कुणी कारण विचारलंच तर म्हणत, 'हात रिकामे असले का बोटं दुसऱ्याकडेच जातात. अन् इथं रडलं तर मिरचीचं नाव होते.'

खरं तर त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, मग मध्यस्थीचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात बसू लागल्या. तिथे न मिटलेली आणि तिथवर न पोचलेली भांडणं हळूहळू घरी येऊ लागली. घर सीताबर्डीत, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर. खालून दिवसभर गिऱ्हाइकांना हाका चाललेल्या असत आणि वर माणसं शिंका देत एकमेकांवर आरोप करत. एकदा एक साहेब जाडजूड फाइल घेऊन आले. आत्यांनी ती घेतली, नीट झटकली आणि सुपाखाली सरकवली. 'बरं झालं आणली. सूप हलून राहिलं होतं.'

पण त्या सगळ्यांनाच जुळवून घ्यायला लावत, असं नाही. एक माणूस बायकोला घेऊन आला होता. तिच्या मनगटावर वळ होते. आत्यांनी त्याच्यासमोरचं सूप उचलून घेतलं. 'हे भांडण नाही, मारहाण आहे. याच्यात मध्यस्थी होत नसते. चाल वं बाई, तुह्यासंग ठाण्यात याले कोणी नसंन, तर मी आहे.' आणि पायात चप्पल सरकवून त्या तिच्याबरोबर जिना उतरल्या.

स्वतः मात्र भारी भांडखोर. ऑटोवाल्यांशी त्यांचं रोजचं वाजायचं. 'आत्या, इथे नाही का मध्यस्थी?' असं मी एकदा विचारलं. 'हे माह्यं स्वतःचं भांडण आहे. मजेनं करून राहिली, मधात पडू नको.' तरीही त्यांचा दुसरा नियम ऑटोचाच होता. येताना वेगळे या, पण मिटलं तर जाताना एकाच ऑटोनं जा.

मी आणि माझा धाकटा भाऊ संजू पहिल्यांदा गेलो, तेव्हा दोन ऑटोंनी परतलो होतो.

आम्ही दोघंही नागपूरजवळच्या एका वीजकेंद्रात, एकाच पाळीत. मी पाळीप्रमुख, तो कंट्रोल पॅनलवर. एका सकाळी बंद पडलेला संच पुन्हा सुरू करायची धावपळ चालली होती, तेव्हा आई घरी पडली. तिचा फोन आल्यावर संजू शेजारच्या माणसाला पॅनल सांभाळायला सांगून निघून गेला, मला न विचारता. आईचा खुबा मोडला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला कारणे दाखवा नोटीस दिली. सख्ख्या भावाला सूट दिली असं कुणी म्हणायला नको होतं. सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, 'काहून गा दादा, थे तुही माय नाही का?'

त्यानंतर वर्षभर आम्ही बोललो नाही. कामाच्या सूचनासुद्धा तिसऱ्याच्या तोंडून. शेवटी आमच्या साहेबांनी दोघांना बोलावून सांगितलं, 'तुम्ही दोघं बोलत नाही आणि तुमच्या मधे बॉयलर आहे. त्या आत्यांकडे जाऊन या.' तोवर संजूनं दुसऱ्या केंद्रावर बदली मागितली होती. तो आईलाही नेणार होता. आई त्याच्याकडेच राहायची. ती एकदा तिकडे राहायला गेली की त्या घराचं दार मला उघडणार नाही, हे मला कळत होतं.

दुसऱ्या बैठकीत मी पुन्हा नियम समजावू लागलो. पॅनल सोडण्यातला धोका, पाळीची जबाबदारी. माझं काही खोटं नव्हतं. संजू मान खाली घालून देठ खुडत होता. खुडता खुडता त्यानं डोळा चोळला.

तो ओरडला. उठला, धडपडला, पुन्हा बसला. 'दादा, फुंक मार ना! लवकर!'

वर्षभरानं त्यानं मला हाक मारली होती. लहानपणी आई पदराचा बोळा करून, त्याला तोंडाची वाफ देऊन आमच्या डोळ्यावर ठेवायची. पण माझे हात मिरचीनं भरलेले. मी गुडघ्यांवर त्याच्याजवळ सरकलो, हात मागे धरले आणि त्याच्या डोळ्यात फुंकर घालत राहिलो. इतक्या जवळून त्याचा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. कानाजवळ केस पांढरे झाले होते.

आत्या जागच्या हलल्या नाहीत. त्याची आग कमी झाल्यावर म्हणाल्या, 'डोळ्याचं झालं. आता तुमचं सांगा, भाऊ. मघापासून पाहून राहिली, तुमचे देठ नाही निघून राहिले, मिरच्याच मोडून राहिल्या. काय राहिलं बोलायचं?'

माझ्यासमोर खरंच नुसता चुरा पडला होता.

मी म्हणालो, 'आईचा फोन आधी मला आला होता. मी नाव पाहिलं आणि फोन उलटा ठेवला.'

संजूनं हातातली मिरची सुपात टाकली. मग म्हणाला, 'मले माहीत आहे. तिनं लावलेल्या फोनांत माह्या नावाच्या खाली तुहं नाव होतं. वर्षभर वाट पाहून राहिलो, का तू सांगशील. अन् तू तं दुसऱ्याच दिवशी मले नोटीस देल्ली होती.'

मी रडलो, आणि मिरचीचं नाव घेतलं नाही. मला वाटलं, आता आत्या माफी मागायला लावतील, आम्हाला गळ्यात गळे घालायला सांगतील. त्या फक्त पुढे झुकल्या. 'बरोबर कोण, ते राहू द्या. सोमवारी काय करता, ते सांगा.'

सगळ्यांना त्या शेवटी हेच विचारत. सोमवारी मी नोटीस मागे घेतली आणि साहेबांना कारणही सांगितलं. बदली मात्र संजूनं रद्द केली नाही, मी विचारल्यावरही. 'जाणारच आहे मी. तुले यायचं असंन तं ये.' मी दर सुटीला गेलो. आईला हात धरून अंगणात चालवायचं काम माझं. पहिले काही महिने तो मी आलो की बाहेर निघून जायचा. मी जात राहिलो. मग एकदा तो थांबला.

त्या दुसऱ्या बैठकीच्या दिवशी आत्यांकडून आम्ही एकाच ऑटोनं निघालो होतो. उतरताना तो एवढंच म्हणाला, 'घरी गेल्यावर हात धू, चांगला.'

या उन्हाळ्यात आत्या गेल्या. संजू पहिल्या गाडीनं आला. सगळं आटोपल्यावर त्यांच्या मुलीनं आम्हाला आत नेलं. कोपऱ्यात पोतं होतं. भिवापूरहून भावानं नेहमीप्रमाणे पाठवलेलं. त्या असतानाच निघालं आणि त्या गेल्यावर पोचलं. 'याचं काय करू?' तिनं विचारलं.

मागच्याच वर्षी आत्यांनी मला मध्यस्थीच्या प्रशिक्षणाला नाव द्यायला लावलं होतं. 'आत्या, माझ्यासारख्यानं लोकांना काय सांगायचं?' मी म्हणालो होतो. 'काही सांगू नको. बसव, अन् उठू देऊ नको,' असं त्यांचं उत्तर. प्रशिक्षण मी पुरं केलं, पण कुणाला घरी बोलवायची हिंमत होत नव्हती. आमच्याच वसाहतीतले भांडलेले दोघं भाऊ, आमचं मिटवून द्या, असं कधीचे म्हणत होते.

'मी नेतो,' मी म्हणालो.

पोतं जिन्यावरून उतरवताना आम्ही दोघंही शिंकत होतो. ऑटोवाल्यानं भाडं वाढवून मागितलं, आणि संजू त्याच्याशी आत्यांसारखा मनसोक्त भांडला. शेवटी पोतं मधे ठेवून आम्ही दोन्ही बाजूंना चेपून बसलो. तिथूनच मी त्या दोघा भावांना फोन लावला आणि सोमवारी यायला सांगितलं.

'येताना वेगळे या,' मी म्हणालो.

डोळे भरून आले होते. हात आपसूक वर गेला.

'दादा,' पोत्याच्या पलीकडून संजू म्हणाला, 'हात खाली.'