शेतीखात्याकडे गेलेला पाय

उजव्या हाताचे बोट खांद्यापर्यंत वर, मान किंचित तिरकी, आणि मग अगदी मऊ आवाजात दोनच शब्द : “उत्तर राहिलं.”

वकीलसाहेब माझ्या डोळ्यांपुढे येतात ते असे. आपण काहीतरी सांगून सुटलो असे समोरच्याला वाटायचे, तो उठायच्या बेतात असायचा, आणि हे बोट वर व्हायचे. ते घोडेगावच्या महालकरी साहेबांपुढे, म्हणजे सरकारी अंमलदारापुढे, वर व्हायचे तसेच लग्नाच्या पंगतीत वाढप्यापुढेही. असा एखादा चिवट माणूस तुमच्याही गावात असेल. पण तो मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून गेला नसेल. आमचा गेला होता!

एकदा आम्ही टांग्याने जुन्नरहून नारायणगावला चाललो होतो. वारूळवाडीशी घोडा थांबला तो हलेचना. वकीलसाहेबांनी कारण विचारले.

“त्येची सासुरवाडी हाय हितं, सायब,” टांगेवाला म्हणाला.

मी हसलो. बोट मात्र वर झाले. “उत्तर राहिलं. सासुरवाडी दिसली की जावई पाय उचलतो. हा रोवून उभा आहे.”

टांगेवाल्याने घोड्याकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले. “मंग सासू दारात हुबी आसंल!”

वकीलसाहेबांनी मांडीवर थाप मारली. “याला म्हणतात उत्तर! कौन्सिलात एक सेक्रेटरी असं बोलेल तर शपथ!” नारायणगाव येईपर्यंत ते स्वतःशीच हसत होते.

मी त्यांच्याकडे कसा, तेही सांगतो. घोडेगावच्या बाजारात आमचे कापडाचे दुकान. आजोबा मारवाडातून आले, आम्ही इथलेच झालो. मी मॅट्रिक झालो होतो आणि माझे इंग्रजी अक्षर बरे होते. कापड फाडण्यापेक्षा वकीलसाहेबांचे प्रश्न इंग्रजीत उतरवून देण्यात मला जास्त गोडी होती. डोंगरातली गिऱ्हाइके मला ‘धाकलं शेठ’ म्हणत.

आज मी ऐंशी ओलांडली आहे. आमच्या भागातली म्हातारी माणसे अजून सांगतात, की वकिलाने लंगड्या शिपायाचा पाय काढून पुण्याला नेला आणि त्यावर टाळ्या मिळवल्या. पाय गेला हे खरे. टाळ्या पडल्या हेही खरे. बाकीचे आता नीट सांगून टाकतो.

जर्मनची लढाई संपून पलटणी परतल्या होत्या. भरतीच्या वेळी गावोगाव ढोल वाजले होते, रंगरुटांच्या गळ्यात हार पडले होते. परतताना ढोल नव्हते. वकीलसाहेबांना त्याचा भयंकर राग. निवडून गेल्या गेल्या त्यांनी प्रश्न टाकले : भरती करताना कोणी काय कबूल केले? आपली माणसे समुद्रापार धाडायची हे कोण ठरवते? जखमी परतले त्यांची जबाबदारी कोणाची? सगळ्यांना एकच उत्तर आले. लष्कर हा हिंदुस्थान सरकारचा विषय आहे, मुंबईच्या कौन्सिलात त्यावर प्रश्न विचारता येत नाही. प्रश्न फेटाळला.

“दिल्ली दूर आहे म्हणतात, ती अशी,” वकीलसाहेब म्हणाले. ते वैतागले असतील असे तुम्हाला वाटेल. छे! शिकारीचा माग लागल्यासारखे ते घरात येरझारा घालत होते. “एखादं दार उघडं असणारच. कुठलं तरी खातं झोपलेलं असेल.”

ते दार सापडले शिनोलीच्या पुढे, डोंगरातल्या एका भातखाचरात.

तिथला धोंडू इराकात बसऱ्याच्या बाजूला लढून आला होता. डावा पाय गुडघ्याखाली तिकडेच राहिला. मुंबईच्या लष्करी इस्पितळात त्याला नवा लाकडी पाय मिळाला, चामड्याचे पट्टे असलेला, खाली काळा बूट घातलेला. पाय उत्तम होता. फरशीवर धोंडू असा चाले की अनोळखी माणसाला कळू नये. पण धोंडूच्या घरी फरशी नव्हती, खाचर होते. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, रोपे घेऊन तो चिखलात उतरला की बूट खुंटासारखा रुते आणि धोंडू रोपांसकट आडवा होई. त्याचे खाचर पडीक पडायची वेळ आली होती. घरची आवणी लोकांच्या हातून करून घ्यायची, ही गोष्ट त्याला पाय जाण्याहून जास्त लागली होती.

“दाखव,” वकीलसाहेब म्हणाले.

“काय दावू सायब? पडून दावू?”

“नको. मीच पाहतो.” आणि धोतर खोचून, पायातल्या पंपशूसह, जुन्नरचे वकील खाचरात उतरले! दोन पावले गेले. तिसऱ्याला पाय वर आला तो नुसता; शू चिखलातच राहिला. एका पायावर डुलत ते ओरडले, “मिळाला! मिळाला!”

“बूट घावला व्हय?” बांधावरून धोंडूच्या कारभारणीने विचारले.

“बूट नाही हो, प्रश्न! प्रश्न मिळाला!”

“आन् बूट आमच्या भाताला दिला जनू,” ती म्हणाली. धोंडू इतका हसला की त्याला बांधावर बसावे लागले. बूट काही मिळाला नाही. वकीलसाहेब घोडेगावपर्यंत एका बुटाने आले, आणि वाटभर त्यांची जीभ थांबली नाही. मी पुन्हा कोणाला इतके आनंदात पाहिलेले नाही.

प्रश्न असा होता : आंबेगाव पोटतालुक्याच्या पश्चिम भागात सरकारनेच पुरवलेले एक अवजार भाताच्या चिखलात रुतते आणि त्यामुळे खाचर पडीक राहते, हे शेतीखात्याला ठाऊक आहे काय?

शेतीखाते! लष्कराचा त्यात शब्दही नाही. प्रश्न गेला आणि मंजूर होऊन आला. त्या दिवशी आम्ही दोघे लहान मुलांसारखे नाचलो.

कौन्सिलची पावसाळी बैठक पुण्याला भरायची. धोंडूही आमच्याबरोबर पुण्याला आला, पण छावणीतल्या कचेरीत अर्ज करायला. त्याला कौन्सिलात न्यावे असे मी सुचवले, तेव्हा वकीलसाहेबांनी साफ नाही म्हटले. “तो माणूस आहे, तमाशा नाही. आपण प्रश्न विचारायचा. बस.” मंचरपर्यंत बैलगाडी, तिथून सर्व्हिस मोटार, आणि पुण्यात रविवार पेठेतल्या माझ्या काकांच्या दुकानाच्या ओट्यावर धोंडूचा मुक्काम. वकीलसाहेब आणि मी दुसरीकडे, त्यांच्या एका स्नेह्याकडे उतरलो.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी ओट्यावर गेलो. सण होता, दुकान बंद, काकांची मंडळी बाहेरगावी. मला रात्रभर झोप नव्हती. डोळ्यांपुढे एकच चित्र होते : तो पाय कौन्सिलच्या बाकावर!

“धोंडूभाऊ,” मी म्हणालो, “वकीलसाहेबांनी पाय मागितलाय.”

त्याने माझ्याकडे पाहिले. “आन् म्या कशावर ऱ्हाऊ?”

“दुपारच्या आत परत आणतो.”

त्याने पट्टे सोडले. हाताने बुटावरचा चिखल खरवडायला लागला तेव्हा मीच म्हणालो, राहू दे. “सायबांनीच मागितलाय म्हनल्याव,” तो म्हणाला, “न्या. पन बेगीन या, शेठ.”

कौन्सिलच्या दाराशी मी ते धोतरात गुंडाळलेले गाठोडे वकीलसाहेबांच्या हाती दिले. त्यांचा चेहरा पडला.

“धोंडू कशावर आहे?”

“त्यानं स्वतःहून दिलाय. कुबडी आहे त्याच्याजवळ.”

कुबडी नव्हती. वकीलसाहेबांचे बोट अर्धे वर झाले. तेवढ्यात घंटा झाली आणि ते गाठोडे घेऊन आत गेले.

गॅलरीतून मी जे पाहिले ते आज सांगतानाही अंगावर काटा येतो. त्यांनी गाठोडे बाकाखाली सारले. ते बाहेर काढायचा त्यांचा मुळीच विचार नसावा. प्रश्न पुकारला गेला. शेतीखात्याचे मंत्री उठले आणि म्हणाले, “खात्याने असे कोणतेही अवजार पुरवलेले नाही. सभासदांनी त्याचे वर्णन करावे.” कोणीतरी हसले. “आंबेगावात अवजारं तरी आहेत का?” मागून आवाज आला, आणि सगळा सरकारी बाक हसला.

वकीलसाहेब वाकले. धोतर सोडले. आणि बाकावर तो पाय उभा केला!

बुटावरच्या वाळलेल्या चिखलाची ढेकळे समोरच्या कागदांवर पडली. 

“हे काय आहे?” अध्यक्ष.

“पाय आहे, अध्यक्षमहाराज.”

“पाय लष्करी खात्याचा विषय आहे!”

“लष्करानं पाय दिला आणि माणसाला घरी पाठवलं. घरी तो या पायानं भात लावतो. आता हा पाय कुठल्या खात्याचा?”

मंत्री अध्यक्षांकडे पाहू लागले, अध्यक्ष सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी छताकडे. ते ओळखीचे बोट हळूहळू वर झाले.

“उत्तर राहिलं.”

काय गडगडाट झाला म्हणून सांगू! बाके वाजली. गॅलरीत टाळीला बंदी होती, ती मी मोडली. शेवटी मंत्र्यांना म्हणावे लागले, की खाते या अवजाराची चौकशी करील. अवजार! कौन्सिलच्या कामकाजात धोंडूचा पाय अवजार म्हणून दाखल झाला, आणि ज्या शिपायाबद्दल बोलायला बंदी होती त्याच्याबद्दल सरकार बोलले.

चोपदाराने पाय अध्यक्षांच्या खोलीत नेऊन ठेवला. बैठक उठल्यावर तो परत मिळाला. वकीलसाहेबांनी तो माझ्या हाती दिला. “टांगा कर आणि आधी धोंडूकडे जा. आधी. कळलं?”

कळले होते. पण बाहेर वर्तमानपत्रांची माणसे उभी होती, कॉलेजातली पोरे होती. पाय आणायची युक्ती कोणाची, असे त्यांनी विचारले. त्यांनी मला हॉटेलात नेले. मी टेबलावर, चहाच्या कपांमध्ये, तो पाय उभा केला आणि सगळी हकिकत सांगितली. नवी माणसे आली, म्हणून पुन्हा सांगितली. टांगा केला तेव्हा दिवेलागण होत होती.

धोंडू ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. तळहात सोलवटलेले, धोतर गुडघ्यापर्यंत गटारीच्या चिखलाने माखलेले. सकाळपासून माणूस एका जागी बसून किती वेळ राहील? पेठेच्या टोकाला संडास होता. तिथपर्यंत तो भर रस्त्याने, सणाच्या गर्दीतून हातांवर सरपटत गेला होता आणि तसाच परत आला होता. पोरे मागे लागली होती. एका बाईने भिकारी समजून त्याच्यापुढे पुरणपोळी ठेवली होती. ती तशीच ओट्यावर होती.

मी पाय पुढे केला. त्याने बांधला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पहाटे तो एकटाच गावी निघून गेला.

गावी गेल्यावर मात्र बोलला. “बसऱ्याला गोळ्या चुकवाया सरपटलो. पुन्यात कशापायी सरपटलो, त्ये वकिलाला इचारा.”

हे वाक्य डोंगरातून खाली आले आणि बाजारोबाजार फिरले. पुढच्या निवडणुकीत विरुद्ध बाजूच्या सभांत दुसरे काही लागलेच नाही. घोडेगावच्या सभेत एक जण उठला, त्याने वकीलसाहेबांसारखेच बोट वर केले आणि म्हणाला, “आज तुमचं उत्तर राहिलंय, वकीलसाहेब!”

लोक हसले. वकीलसाहेब उभे राहिले. मी दुसऱ्या रांगेत होतो. माझ्या आजूबाजूला आमच्या दुकानाची सगळी गिऱ्हाइके बसली होती. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले, फार वेळ नाही, आणि म्हणाले, “प्रश्न माझ्या नावावर होता. जे झालं तेही माझ्याच नावावर.” आणि खाली बसले.

उठून एक वाक्य बोलायचे होते. मी मांडीवरची टोपी सारखी करत राहिलो.

पलटणीतून परतलेल्यांना मताचा हक्क होता. ती मते गेली, आणि वकीलसाहेब पडले.

त्यानंतरही ते मला बोलवत, चहा देत, अर्ज लिहायला सांगत. टांगेवाल्यापासून मंत्र्यापर्यंत कोणालाही न सोडणाऱ्या या माणसाने मला एक प्रश्न कधीच विचारला नाही. कुबडी होती का? बोट माझ्यासमोर वर झाले असते तर मी सगळे सांगितले असते, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे समजावले. ते झाले नाही, कारण त्यांना उत्तर ठाऊक होते.

पाय मात्र आला. शेतीखात्याने लष्कराला लिहिले, लष्कराने इस्पितळाला, आणि एका पावसाळ्याआधी धोंडूला दुसरा पाय मिळाला. बूट नाही, खाली रुंद गोल चकती. चिखलावर ती तरंगल्यासारखी राहायची.

वकीलसाहेब गेले ते घोडेगावातच, एका खटल्यासाठी आले असताना. त्यानंतरच्या आवणीला मी धोंडूकडे गेलो. तो खाचरात होता. बांधावर उभा राहून मी त्याला सगळे सांगितले. पाय मी मागितला होता. वकीलसाहेबांना माहीत नव्हते. हॉटेलात मी होतो.

तो वाकलेलाच होता. हातातली मूठभर रोपे संपेपर्यंत लावत राहिला. मग सरळ झाला.

“ते गेले त्या दिशी म्या बाजारात व्हतो,” तो म्हणाला. “तिरडी समोरनं गेली. समद्यांनी हात जोडलं. म्या पाठ केली, शेठ.”

मी टोपी काढून हातात घेतली.

“आता ही पाठ कुनाकडं फिरवू?”

मी उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिले. मग त्याचा चिखलाने भरलेला हात खांद्यापर्यंत वर आला, एक बोट उभे राहिले, आणि तसेच खाली गेले. रोपांची नवी जुडी सोडून तो खाचराच्या पलीकडच्या टोकाकडे लावत गेला. मागे चिखलात उमटत होते एक पाऊल, एक गोल. एक पाऊल, एक गोल. आणि गोल खळग्यांत पाणी भरत होते.