फ्रेडरिकची कॉफी आणि आमची विहीर

मी चहाची माणूस. सकाळी एक, दुपारी एक आणि मध्ये कोणी आलं तर त्याच्या निमित्ताने आणखी एक. कॉफी आमच्या घरात होते ती पाहुण्यांसाठी. दुधात उकळलेली, साखर सढळ हाताने घातलेली आणि वरून जायफळ किसलेलं. असं असताना एका इटालियन कॉफी मशीनच्या भानगडीत मी सापडले, आणि तेही माझ्या साठीच्या उंबरठ्यावर. शेजार चांगला असला की अशी दुखणी मागे लागतात.

शेजार म्हणजे फ्रेडरिक तुस्कानो आणि त्याची बायको फ्लॉसी. पापडी गावात आमच्या दोघांच्या वाड्या लागून आहेत. मध्ये जासवंदीचं कुंपण, आणि त्या कुंपणाला एक फट. श्रीपत, म्हणजे माझे यजमान, आणि फ्रेडरिक लहानपणी त्याच फटीतून एकमेकांचे पेरू चोरायचे. म्हणून मी फ्रेडरिकची वहिनी. फ्रेडरिक आणि फ्लॉसी घरात त्यांच्या बोलीत बोलतात, आमच्याशी आमच्या मराठीत.

फ्रेडरिक तरुणपणी जहाजावर गेला तो केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिला. प्रवासी जहाज, मालक इटालियन. आधी बशा धुतल्या, मग कॉफीच्या काउंटरवर उभा राहिला आणि पुढे त्या काउंटरचा मुख्य झाला. तुस्कानो हे इटालियन वाटणारं आडनाव ऐकून तिथले खलाशी म्हणायचे, तू आमच्याकडचाच, चुकून तिकडे जन्माला आलास. कप्तान म्हणे त्याच्याच हातची कॉफी मागायचा. हे आम्हाला कसं माहीत? फ्रेडरिकनेच सांगितलं. प्रत्येक सुट्टीत सांगितलं.

पण गंमत अशी की घरी आल्यावर हा माणूस गुपचूप चहा प्यायचा. बाटलीतल्या पावडरीला तो हात लावत नसे. "ती कॉफी नाही वहिनी, ती कॉफीची राख," असं म्हणायचा. त्यामुळे साऱ्या जगाला कॉफी पाजणाऱ्या फ्रेडरिकच्या हातचा एक कपही फ्लॉसीने कधी प्यायला नव्हता. ती कॉफी प्यायची ती माझ्याकडे, जायफळाची, आणि कप पुढे करून आणखी मागायची.

दोन हजार चार साली फ्रेडरिक कायमचा घरी आला. कायमचा असं तो म्हणत होता. कंपनीचा मात्र दर आठवड्याला फोन यायचा, आणखी एक फेरी कर म्हणून. महिनाअखेरपर्यंत काय ते कळवायचं होतं. वाडीत त्याचा जीव रमत नव्हता. केळीच्या पानांवरची धूळ पुसत बसायचा, पेपर दोनदा वाचायचा. एक दिवस त्याने जाहीर केलं, "घरी एक चांगलं मशीन घेतो. जहाजावरच्यासारखं. रोज सकाळी फ्लॉसीला माझ्या हातची कॉफी. मग मी कशाला कुठे जातोय?"

फ्लॉसीचा चेहरा आधी फुलला आणि लगेच पडला. का पडला ते फक्त तिला, मला आणि श्रीपतला माहीत होतं.

फ्रेडरिकची एक रीत होती. जहाजावरून आला की घरात पाऊल टाकायच्या आधी सरळ विहिरीवर जायचा. ती विहीर त्याच्या बापाने खणलेली. कठड्यावर बसायचा, फ्लॉसी तांब्या आणून द्यायची, हा डोळे मिटून पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "बस्स. आता मी घरी आलो." जहाजावर समुद्राचं पाणी यंत्रात घालून गोड करतात. त्याला चवच नसते, असं तो म्हणायचा. तिथे रात्री झोप आली नाही की त्याला आपल्या विहिरीचं पाणी आठवायचं.

आणि इकडे ती विहीर केव्हाच गेली होती. आजूबाजूला इमारती उठल्या, टँकरवाल्यांनी पंप लावून जमिनीखालचं पाणी उपसलं, आणि एका उन्हाळ्यात तुस्कानोंच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. आमची विहीर चिंचेच्या अंगाला, थोडी उंचावर. ती कशी कोण जाणे, गोडच राहिली. त्या साली फ्रेडरिक यायच्या आदल्या दिवशी फ्लॉसी आमच्या पायरीवर येऊन बसली.

"वहिनी, तिथे बिचारे समुद्राचंच पाणी पितात," ती म्हणाली. "इथेही समुद्रच आलाय हे कसं सांगू त्यांना?"

मी तिला कळशी भरून दिली. तेव्हापासून ती रोज पहाटे फटीतून यायची आणि कळशी भरून न्यायची. फ्रेडरिक सुट्टीवर असला की तो उठायच्या आत. एवढे महिने घरी राहून त्याला कळलं कसं नाही, असं कोणी विचारेल. माठात पाणी कुठून येतं हे विचारणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. घरातल्या नळांना पंपाने चढवलेलं त्यांच्याच विहिरीचं पाणी; आंघोळीला साबणाचा फेस येत नसे, तर हा साबणाला शिव्या घालायचा. "हल्ली परदेशी साबणही भिकार झालाय," असं श्रीपतला सांगायचा, आणि श्रीपत मान डोलवायचे.

आता मशीनची निवड सुरू झाली. फ्रेडरिक अंधेरीला एका दुकानात जाऊ लागला. हॉटेलांना मशीन पुरवणारं दुकान होतं ते. तिथला जितेंद्र नावाचा माणूस राहायला विरारला, त्यामुळे लवकरच तो पापडीलाही यायला लागला. दोघं ओटीवर बसून माहितीपत्रकं पसरायचे. जितेंद्रने दोन मशीन सुचवली. एक लहान, हाताने दांडा ओढायचं. त्यात पाणी वरून आपणच ओतायचं. दुसरं मोठं, चकचकीत, दोन बॉयलरचं. कॉफी एकीकडे, दुधाची वाफ दुसरीकडे, आणि पाणी थेट नळाला जोडलेलं.

"मोठंच," फ्रेडरिक म्हणाला. "नळ फिरवला की आपल्या विहिरीचं पाणी सरळ मशीनमध्ये. वहिनी, विचार करा, इटलीचं मशीन आणि पापडीचं पाणी! कप्तानालासुद्धा अशी कॉफी मिळाली नाही."

फ्लॉसीच्या हातातून बशी पडली नाही एवढंच. त्या दिवसापासून तिने मोठ्या मशीनविरुद्ध मोहीम उघडली. ओटा लहान आहे. लोडशेडिंग आहे. मुंग्या येतील. आवाजाने कोंबड्या बिथरतील.

"वीज असेल तेव्हा पिऊ, आणि कोंबड्यांना सवय होईल," फ्रेडरिक म्हणाला. "तुला नकोच आहे का गं माझ्या हातची कॉफी?"

तो हे हसत म्हणाला, पण त्याला लागलं होतं. फ्लॉसी आमच्या विहिरीवर मला म्हणाली, "नको म्हणते तर यांना वाईट वाटतं. हो म्हणते तर विहीर कळते. आणि विहीर कळली की हे म्हणतील, मग घरी येऊन काय मिळवलं? आणि चालले पुन्हा बोटीवर. मी आता एकटी नाही राहणार हो वहिनी."

"मग सांगून टाक," मी म्हटलं. "सांगते," ती म्हणाली आणि कळशी उचलून गेली. अर्थातच तिने सांगितलं नाही.

एका रविवारी ती दोघं चर्चमधून मिसा आटोपून परतली तेव्हा जितेंद्र मोठं मशीन टेम्पोत घालून दारात उभा. दोन दिवस वापरून बघा, मग ठरवा, असं त्याचं म्हणणं. फ्रेडरिकने आम्हाला बोलावलं. मशीन ओट्यावर चढलं, नळाला जोडलं, तापलं. फ्रेडरिकने चर्चचा सदरा तसाच ठेवून वर ॲप्रन बांधला. खरं सांगते, त्या माणसाकडे बघत राहावं असं वाटलं. बिया दळणं, भुकटी दाबणं, भुकटीची वाटी मशीनला अडकवणं, सगळं एका लयीत चाललं होतं. दाट काळी धार पडली, वर तपकिरी साय आली. त्याने पहिला घोट घेतला. त्याची भुवई वर गेली.

"दळण जाड झालं," तो म्हणाला आणि पुन्हा केली. मग बिया शिळ्या. मग मशीन नीट तापलं नाही. मग जितेंद्रचं मशीनच सदोष. जितेंद्र बिचारा घामाघूम झाला. शेवटी त्याने एक घोट घेतला आणि हळूच विचारलं, "काका, पाणी कसं आहे तुमचं?"

"पाणी?" फ्रेडरिकचा आवाज चढला. "पापडीत येऊन पाण्याला नाव ठेवतोस? थांब."

तो तरातरा विहिरीकडे गेला. आम्ही सगळे मागे. कोपऱ्यात पडलेली जुनी बादली त्याने स्वतः सोडली, स्वतः ओढली, आणि ओंजळीने पाणी तोंडाला लावलं.

ते त्याने थुंकलं नाही. गिळलं. मग कठड्यावर बसला, त्याच्या नेहमीच्या जागी, आणि फ्लॉसीकडे बघत राहिला. जितेंद्र वायरी आवरायचं निमित्त करून आत गेला. शहाणा मुलगा.

"किती वर्षं?" फ्रेडरिकने विचारलं.

"झाली बरीच," फ्लॉसी म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, आमच्या पायरीपासून पहाटेच्या कळशीपर्यंत. रडत नव्हती, पण पदराचं टोक पिळून पिळून तिने त्याची दोरी केली होती. "तुम्ही इथे बसून डोळे मिटायचात ना," ती म्हणाली, "ते बघायला मी वर्षभर थांबायची. ते मला घालवायचं नव्हतं. आता जायचं तर जा बोटीवर. मी अडवणार नाही."

मला वाटलं, झालं, आता हा उठून कंपनीला फोन लावणार. श्रीपत तर जासवंदीकडे असे बघत होते की जणू आजच लावली आहे.

फ्रेडरिकने ओले हात ॲप्रनला पुसले. मग म्हणाला, "म्हणजे मी बोटीवर रात्र रात्र ज्या पाण्यासाठी झुरत होतो, ते या श्रीपतच्या विहिरीचं?"

"हो," मी म्हटलं. "भाडं लावू का आता?"

तो हसायला लागला. आधी नुसता हुंकार, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. हसताहसता त्याने फ्लॉसीचा हात धरला आणि तळवा उलटा केला. दोरीने आणि कळशीच्या काठाने तिच्या बोटांना घट्टे पडले होते. ते त्याने इतक्या वर्षांत नीट बघितले नव्हते. त्याचं हसू थांबलं.

"आणि मी म्हणे चवीचा जाणकार," तो म्हणाला. "मला घरी आल्यासारखं वाटायचं ते तू हातात दिलंस म्हणून गं. उद्यापासून कळशी मी आणणार."

मोठं मशीन त्याच दिवशी टेम्पोतून परत गेलं आणि चार दिवसांनी दांड्याचं लहान मशीन आलं. त्यात एका वेळी तांब्याभर पाणी मावतं, तेवढं आमची विहीर सहज देते. कंपनीला त्याने फोन केला तो आमच्याच घरून. इटालियनमध्ये काय बोलला ते कळलं नाही, पण शेवटी 'फ्लॉसी' हा शब्द ऐकू आला आणि तो फोन ठेवून मोकळा झाला.

पहिल्या सकाळी फ्रेडरिक स्वतः कळशी घेऊन फटीतून आला. कळशी कशी धरायची हे त्याला येत नव्हतं. अर्धं पाणी लेंग्यावर सांडलं. मी हसले आणि मुद्दाम त्याच्या मागोमाग गेले. एवढं सगळं सोसल्यावर पहिला कप मला बघायचाच होता.

त्याने दांडा खाली ओढला, हळू सोडला. लहानशा कपात काळी कॉफी पडली, वर तपकिरी साय. वास मात्र घरभर पसरला, तो मलासुद्धा आवडला. त्याने कप बशीत ठेवून फ्लॉसीच्या पुढ्यात धरला, कप्तानापुढे धरत असेल तसा. फ्लॉसीने घोट घेतला. क्षणभर थांबली, गिळली आणि म्हणाली, "छान झालीय."

फ्रेडरिकने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"फ्लॉसी," तो म्हणाला, "विहिरीच्या पाण्याइतकी छान?"

तिने खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तिला हसू आवरेना. "कडू जहर आहे," ती म्हणाली. "औषध बरं. साखर घाला, दूध घाला. वहिनी करतात तशी करा ना."

जहाजावर कोणी असं मागितलं असतं तर फ्रेडरिकने त्याला समुद्रात टाकलं असतं. पण इथे त्याने कॉफी पातेल्यात ओतली, दूध घातलं, दोन चमचे साखर घातली, गॅस लावला, आणि आयुष्यभर राखलेली सगळी प्रतिष्ठा गुंडाळून माझ्याकडे वळला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमच्याकडे जायफळ आहे का थोडं?"