विहीर एक, पाणी तीन

जालना जिल्ह्यात साध्या प्रश्नाला साधं उत्तर देणारी माणसं गल्लोगल्ली भेटतील. पण त्या उत्तराला आधी कोणती माहिती लागेल हे ठरवल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे साडूभाऊ. "चहा घेता का?" म्हटलं की ते विचारात पडतात. जेवण कधी आहे, दूध म्हशीचं की गाईचं, घरातले बाकीचे घेणार आहेत का, हे कळल्यावर "मंग घेतो" म्हणतात. तोवर आमचा चहा पिऊन झालेला असतो.

यात त्यांचा दोष नाही, नोकरीचा आहे. ते पाण्याच्या खात्यात आहेत. भागातल्या पाण्याचं नियोजन करायचं तर कोणती माहिती हवी, त्यातली कोणती हाताशी आहे आणि कोणती कुणालाच ठाऊक नाही, हे ठरवण्याचं काम त्यांच्याकडे आहे. "म्हंजे सैपाकाच्या आधी भांडे मोजायचं खातं," असं माझी मेहुणी म्हणते. पण ते काम हा माणूस ज्या भक्तीनं करतो, त्या भक्तीनं मी देवळातही कुणाला बसलेलं पाहिलं नाही. सासुरवाडीला आले की चपला न काढता आधी मागच्या विहिरीकडे जातात, वजन बांधलेली मोजपट्टी खाली सोडतात आणि मगच घरात येऊन पाया पडतात. सासूबाई म्हणतात, "आमच्या थोरल्या जावयाला पोरीपक्षा हिरीची काळजी जास्त."

एवढी वर्षं गावोगाव विचारून त्यांचा एक सिद्धांत तयार झाला आहे: विहीर एक, पाणी तीन. "सरकारी माणसाला सांगायचं पाणी कमी, न्हाई तर टँकर बंद व्हतंय. शेजाऱ्याला सांगायचं त्याहून कमी, न्हाई तर तो बराबर बांधाला खेटून बोअर घेतोय. आन् सोयरिकीला आलेल्याला सांगायचं, बारमाही है! माहितीचा तुटवडा न्हाई हो भाऊ, विचारणाऱ्याचं तोंड पाहून माहिती बदलून राह्यली." म्हणून पाण्याची पातळी लिहिताना ती कुणी कुणाला सांगितली, हेही लिहावं, असं त्यांनी वरिष्ठांना सुचवलं. वरिष्ठ हसले. साडूभाऊ विनोद करत नाहीत, हे त्यांना माहीत नसावं.

हा सिद्धांत एकदा घरातच आला. त्यांच्या थोरल्या भावाची शेती शहागडच्या अलीकडे. मुलाला पाहायला मुलीकडचे येणार होते, आणि आमच्याकडे घराआधी विहीर पाहतात. थोरल्यांनी आदल्या दिवशीच एक टँकर विहिरीत रिकामा करून घेतला. धाकट्याला बजावलं, "तू फक्त पव्हे खा. बोलू नको." साडूभाऊ खरोखरच मान खाली घालून पोहे खात होते. पण मुलीच्या वडिलांनी नेमकं त्यांनाच गाठलं. "साहेब, तुमी तर पाण्याचेच. उन्हाळ्यात राह्यतं का इतकं?"

साडूभाऊंनी घास गिळला. भावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "इतकं तर परवापर्यंत बी राहणार न्हाई. काल टँकर ओतल्तं."

पाहुणे चहा न घेता गेले. मुलाचं वर्षभरात दुसरीकडे जमलं, तेही विहीर न पाहता. पण थोरल्यांनी भावाशी बोलणं टाकलं. लग्नाच्या मांडवात दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. साडूभाऊ वाळले. सिद्धांत सांगेनासे झाले. चहा विचारला तर लगेच हो म्हणू लागले, तेव्हा मात्र मला त्यांची खरोखर काळजी वाटली.

या उन्हाळ्यात थोरल्यांचा फोन आला, तोही मला. "त्याला घेऊन या." मोसंबीची बाग वाळत होती. दोघा भावांनी तरुणपणी मिळून लावलेली ती बाग. गेलो तर थोरले बांधावर उभे. पहिल्यांदा धाकट्याकडे वळून म्हणाले, "समदे म्हणतेत, पावसापस्तोर पाणी पुरतं. तू सांग."

साडूभाऊंनी पाणी मोजलं. आजूबाजूचे बोअर किती, कोण कधी मोटार लावतं, सगळं विचारलं. मग बागेतून एक चक्कर मारून आले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, या माणसानं आज तरी थोडं खोटं बोलावं.

"निम्मी ठेव दादा," ते म्हणाले. "रस्त्याकडची तोडून टाक. समदी ठेवलीस तर एक बी राहणार न्हाई."

रस्त्याकडची झाडं त्या दोघांनी सगळ्यांत आधी लावलेली. थोरल्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "जेवून जा."

परतीच्या वाटेवर गाडीत साडूभाऊ खिडकीबाहेर बघत होते. अंबड मागे पडल्यावर हळूच म्हणाले, "तोडायला मीच सांगितलं, भाऊ. पण दादानं मलाच इचारलं."