सोन्याची शेवटची बारी आणि भरलेलं कार्ड

स्वस्तात कॅमेरा मिळाला म्हणून कुणी फोटोग्राफर होत नाही. फक्त गळ्यात पट्टा येतो.

हे मला आता पटलंय. तेव्हा मात्र चाकणला मी कामाला आहे त्या कंपनीतल्या एका मित्राकडून सेकंडहँड कॅमेरा घेऊन मी सुट्टीला महाळुंगे पडवळला घरी आलो, तो थेट जगप्रसिद्ध होऊनच! निमित्तही तसंच होतं. माझे चुलते तात्या यांचा सोन्या बैल खोडदच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीला शेवटचं पळणार होता. सोन्याचं वय झालं होतं. या यात्रेनंतर त्याला गाड्याला जुंपायचं नाही, नुसतं खाऊपिऊ घालायचं, असं तात्यांनी ठरवलं होतं. त्यांची इच्छा एकच होती. सोन्याचा पळतानाचा फोटो हवा आणि त्याचा भलाथोरला फ्लेक्स गावच्या वेशीवर लागायला हवा. आजवर जेवढे फोटो निघाले त्यात एकतर नुसती धूळ होती, नाहीतर मध्येच कुणाचा तरी फेटा.

तात्यांनी नारायणगावचा एक फोटोग्राफर ठरवलाही होता.

"त्याला कशाला बोलावताय तात्या? मी आहे ना!" मी म्हणालो. (आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे म्हणतात ते हेच. शिवाय कुऱ्हाडही मीच धार लावून आणली होती!)

"नक्की ना बाळ्या? सोन्या पुन्यांदा पळायचा न्हाई."

"एकेक केस मोजता येईल असा फोटो काढतो!"

तात्यांनी लगेच फोन करून त्या माणसाला नको सांगितलं. मी मोबाईलवर तीन-चार व्हिडिओ पाहिले. त्यात सगळे गुरुजी एकमुखाने सांगत होते की फोटो काढावा तर रॉ मध्येच. मी कॅमेऱ्याची क्वालिटी सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन ठेवली.

"रॉ म्हंजी काय रं?" तात्यांनी विचारलं.

"कच्चा फोटो, तात्या. नंतर कॉम्प्युटरवर तयार करायचा."

"मंग कच्चा कशाला काढतो? एकदम पिकल्यालाच काढ की!"

माझी बायको सुरेखा तेवढ्यात म्हणाली, "अहो, मोठे फोटो जागा खातात. दुसरं एक कार्ड घेऊन ठेवा." मी हसलो. दुसरं कार्ड घेणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास दाखवणं, असं काहीतरी तत्त्वज्ञानही मी तिला ऐकवलं. ती गप्प बसली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको गप्प बसली की नवऱ्याने घाबरायचं असतं, पण मी जोशात होतो!

यात्रेच्या सकाळी बैल पिकअपमधून पुढे आणि आम्ही मागून जीपमधून निघालो. माझं बोट शिवशिवत होतं. सोन्या पिकअपमध्ये चढताना फोटो. चढल्यावर फोटो. कळंबला चहा आला, चहाचा फोटो. वाफ नीट आली नाही म्हणून दुसरा चहा मागवून त्याचा फोटो! खोडद जवळ आलं आणि शेतांच्या पलीकडून रेडिओ दुर्बिणीच्या त्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या प्रचंड तबकड्या दिसल्या, तेव्हा तर मी जीपच थांबवली. तबकडी उभी, तबकडी आडवी, तबकडीसमोर काकू (म्हणजे तात्यांची बायको), काकूंचा पदर सरळ केल्यावर पुन्हा काकू.

"आता डोस्क्यावर छत्रीवानी दिसंल असा काढ," काकू म्हणाल्या. त्याचे पाच काढले, कारण काकू दर वेळी डोळे मिटत होत्या. सगळे रॉ!

घाटावर, म्हणजे शर्यतीच्या चढावर पोचलो तर सगळं रान माणसांनी भरलेलं. या शर्यतीत गाड्याच्या पुढे एक घोडी पळते, बैल तिच्यामागे उधळतात. निशाण पडलं की गाडा घाट चढून जातो आणि या एका पळण्याला बारी म्हणतात. बारी इतकी झटपट असते की तुम्ही शिंकलात तर संपते. मी भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या गर्दीतून वाट काढत घाटाच्या कडेला मोक्याची जागा पकडली. सुरेखा आणि काकू पाठीशी. लाऊडस्पीकरवरून तात्यांचं नाव पुकारलं गेलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली. कार्ड फुल.

"काय झालं?" सुरेखाने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. घाम मात्र खरं बोलत होता.

"भरलं ना? उडवा पटापटा! ते काकूंचे उडवा!"

"ए बाय, माझं न्हाई उडवायचं!" काकू मध्ये पडल्या. "जल्मात पहिल्यांदा बरी दिसले मी!"

"मग चहाचे उडवा!"

"अगं, ती वाफ बघ किती सुंदर आलीय," असं मी म्हणालो. होय, मी म्हणालो! सोन्या घाटाच्या तोंडाशी खूर आपटत असताना मी वाफेची बाजू घेत होतो. शेवटी काळजावर दगड ठेवून एक चहा उडवला. "नक्की उडवायचा का?" असं कॅमेऱ्याने विचारलं. हो म्हणालो. तो विचार करत बसला. तिकडे निशाणवाल्याने हात वर केला!

चहा एकदाचा उडाला, पण जागा एकाच फोटोची झाली. मग मला ती अक्कल सुचली. उडवायचं कशाला? क्वालिटीच खाली आणू! मी मेनू उघडला आणि बटण दाबत दाबत थेट तळाला गेलो. तिथे सगळ्यात धाकट्या आकारापुढे एक चिमुकलं पाकीट काढलेलं होतं. ते निवडताच उरलेल्या फोटोंचा आकडा एवढा वाढला की पुढच्या यात्रेपर्यंत पुरला असता. मी आनंदाने ओरडलो आणि त्याच क्षणी निशाण पडलं.

"भिर्रर्रर्र!"

काय ती बारी! घोडी सुटली, मागून गाडा सुटला, सोन्या म्हातारा आहे हे बहुधा कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. मान खाली, शेपटी वर, जमीन हादरत होती. मी बटण दाबून धरलं ते सोडलंच नाही. कड, कड, कड, कड! सोन्याची वेळ सगळ्यात कमी भरली, तो पहिला आला. तात्या धावत आले, बैलाच्या गळ्यात पडून रडले, मग माझ्या गळ्यात पडून रडले.

"घावला का फोटो?"

मी पडदा दाखवला. काडेपेटीएवढ्या पडद्यावर सोन्या चारी पाय हवेत घेऊन उडत होता. धूळ नाही, फेटा नाही. तात्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला. सुरेखासुद्धा म्हणाली, "जमलं हो तुम्हाला!" त्या संध्याकाळी मी जीपच्या पुढच्या सीटवर बसून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तात्या आणि मी नारायणगावच्या फ्लेक्सवाल्याकडे. त्याने फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि मोठा केला. आणखी मोठा केला. सोन्याची आधी शिंगं गेली, मग तोंड गेलं, आणि शेवटी काळे-पांढरे-पिवळे चौकोन जोडलेली एक गोधडी उरली. मी चाचरत मेनूतल्या पाकिटाचं सांगितलं.

"भाऊ, हे पाकिटाचं चित्र व्हतं ना, ते मेलवर धाडायच्या फोटोसाठी आसतं," फ्लेक्सवाला म्हणाला. "हा वेशीवर न्हाई, आयकार्डावर लागंल."

"पर माझा सोन्या कुठाय ह्यात?" तात्यांनी विचारलं. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नुसतं पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर सुरेखाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तात्या, सोन्याला अजून एकदा पळवता येईल? शर्यत नको. आपल्याच रानात, थोडंसं."

तात्यांचा चेहरा उजळला. "पळंल की! पर रिकाम्या रानात न्हाई पळत त्यो. म्होरं घोडी पायजे, आन् घोडी तर गेली दुसऱ्या यात्रंला. कुणीतरी म्होरं पळाया लागंल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मग फोटो कोण काढणार?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"मी," सुरेखा म्हणाली. तिने पर्समधून नवं कोरं कार्ड काढलं, यात्रेहून परतताना गुपचूप घेतलेलं! ते घातलं, क्वालिटी वर चढवली, एक फोटो काढून मोठा करून तपासला, आणि बांधावर जाऊन बसली. तात्यांनी गाडा जुंपला. मी पुढे उभा राहिलो. मागे सोन्याचा श्वास ऐकू येत होता.

"पळ बाळ्या!"

मी पळालो. शाळेत पळायचो तसा नाही, चाकणची बस सुटते तेव्हा पळतो तसाही नाही. मी अशा वेगाने पळालो की एक चप्पल मागे राहिली आणि दुसरी माझ्यापुढे गेली! रान संपलं तसा मी बाजूच्या पाटात उडी घेतली. पाटात पाणी होतं. तात्यांनी कासरे ओढून गाडा थांबवला आणि बांधावरून आवाज आला, "आला! आला! एकेक केस मोजा!"

फोटो खरंच अफाट आला होता. सोन्या चारी पाय हवेत, डोळ्यात तेज, अंगावरचा केस न् केस स्पष्ट. आणि पुढे मी. तोंड उघडं, डोळे बाहेर, शर्ट मागे फडकतोय.

"मला कापून टाका," मी फ्लेक्सवाल्याला विनवलं.

"न्हाई जमायचं. तुमच्या शर्टाचं टोक बैलाच्या शिंगाला चिकाटलंय. तुमाला कापलं तर शिंग जातं."

"शिंगाला हात लावायचा न्हाई!" तात्या कडाडले.

फ्लेक्स वेशीवर लागला. तात्या खालून बराच वेळ सोन्याकडे बघत उभे होते, फेट्याच्या टोकाने डोळे पुसत होते, आणि मला मनापासून आनंद झाला. तेवढ्यात मोटरसायकलवरचे एक पाहुणे थांबले. त्यांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत पाहिला.

"बैल एक नंबर हाय राव! पर म्होरची घोडी कुणाची म्हणायची?"

तात्यांनी छाती फुगवली.

"आमचीच हाय. चाकणला कामाला आसती, सुट्टीला येती."