चव बघितली असेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अम्मीला नाही, नवऱ्याला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, मला कळतं.

मी भोरची. अब्बा बाजारपेठेत कपडे शिवायचे. दोन हजार सालानंतर केव्हातरी मी पुण्यात पीएचडीला लागले. विषय नवा, नावाचा तोरा मोठा — सिस्टिम्स मेडिसिन. सोपं करून सांगायचं तर माणसाचं शरीर सुटं सुटं न बघता साखर, चरबी, झोप, कष्ट हे सगळं एकमेकांना कसं ओढतं, ते गणितात मांडायचं. अब्बा गिऱ्हाइकांना सांगायचे, मुलगी डॉक्टर होतेय. कसली डॉक्टर, ते त्यांना नीट सांगता यायचं नाही. मलाही नाही.

रोज डोंगर चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांचं रक्त हवं होतं. मी मोठ्या ऐटीत आमच्या भोरकडच्या डोंगरातलं हिर्डोशी गाव सुचवलं. तिथे माझी ओळख होती ना — हौसाबाईंची. नाचणी विकायला भोरला आल्या की आमच्या दुकानाच्या पायरीवर टेकायच्या. त्यांनी आपली पडवी दिली, वरच्या वस्त्यांवर निरोप धाडले. मी एवढंच सांगितलं होतं, सकाळी उपाशीपोटी या. आमच्याकडे रोजा म्हणजे घोटभर पाणीही नाही. मला वाटलं, उपाशी म्हटलं की झालं. आणखी काही समजावून सांगायचं सुचलंच नाही.

सगळ्यांचं रक्त काढून झालं, नळ्या बर्फाच्या पेटीत गेल्या, आणि मी हात धुवायला मागच्या दारी गेले. तिथे कपांचा ढीग. हौसाबाई राखेनं कप घासत होत्या.

"आवं ताई, चा कुटं खाण्यात धरत्यात?" माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या. "लांबनं चालत आल्यात मानसं. दारात कोरडं कसं बसवायचं? म्या मातर न्हाई घेतला. तुमी सांगितलं व्हतं न्हवं."

गुळाचा चहा. सगळ्यांनी घेतलेला — त्या एकट्या सोडून.

तिथल्या तिथे सगळं टाकून द्यायला हवं होतं. पुन्हा यायला हवं होतं. पण भाताची लावणी तोंडावर आलेली, माणसं परत जमणार कधी? आणि खाली एसटी यायची वेळ झालेली... ही कारणं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितली. खरं कारण एवढंच, की मला माझ्या पीएचडीच्या सरांसमोर मूर्ख ठरायचं नव्हतं. पुण्यात सरांनी विचारलं, "सगळे उपाशी होते ना?" मी म्हणाले, "हो सर."

तुम्ही म्हणाल, एवढंच? नाही. थांबा, मी अजून कडेकडेनंच चाललेय.

आलेख काढला तर ठिपके छान एका रेषेत बसले. एकच ठिपका दूर, वर. हौसाबाईंचा. खरोखर उपाशी असलेलं ते एकच रक्त, आणि त्यातली साखर अशी की कुठल्याही डॉक्टरनं ताबडतोब उपचार सुरू केले असते. तो ठिपका मी काढून टाकला. सर खूश झाले.

मग रिपोर्ट द्यायला हिर्डोशीला गेले. कुणाची साखर थोडी वर, त्यांना म्हणाले, चहामुळे, काळजी नको. पुण्यात जो चहा मी लपवला, तोच हिर्डोशीत कामाला लावला. शेवटी हौसाबाई समोर बसल्या. म्हणाल्या, "म्या तर घेतलाच न्हवता."

काय म्हणायचं होतं मी? मावशी, उद्याच भोरला सरकारी दवाखान्यात चला — बस, एवढंच. पण मग त्यांच्या मागोमाग बाकीचेही गेले असते, पुन्हा रक्त तपासलं असतं, माझे आकडे खोटे ठरले असते. मी म्हणाले, "चव बघितली असेल, मावशी. गूळ बरोबर पडलाय का बघताना."

त्या विचारात पडल्या. "व्हय... बगितली आसंल," हळूच म्हणाल्या. चेहरा उतरला त्यांचा. "म्हंजी म्याच घोळ केला म्हना की."

जिभेला लागलेल्या चहानं साखर तेवढी चढत नाही. मला हे माहीत होतं. पक्कं माहीत होतं. मी म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही.

मला पदवी मिळाली. अब्बांनी हिर्डोशीला पेढे पाठवले.

त्यानंतर काही वर्षांनी भोरला आले होते, तेव्हा अब्बांनीच सांगितलं, हौसाबाईंचा पाय काढला. मी गेले. त्याच पडवीत बसल्या होत्या. लुगड्याखाली डावा पाय गुडघ्यापाशीच संपलेला. खाचरात काहीतरी लागलं, कळलंच नाही, चिघळत गेलं, सून सांगत होती. साखर होती, म्हणे, कितीतरी आधीपासून. दाखवायला उशीर झाला.

हौसाबाईंनी सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. चांगला गोड कर, म्हणाल्या. मग माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता विचारतील. विचारावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

"ताई," त्या म्हणाल्या, "त्या येळंला म्या चव बगितली आन् तुमचं काम नासलं. मनाला लई लागून ऱ्हायलंय बगा."

कप माझ्या हातात होता. मी म्हणाले, "जाऊ द्या मावशी. माझ्या मनात काही नाही."

त्यांना बरं वाटलं. डोळे पुसले त्यांनी. म्हणाल्या, चा घ्या, निवंल.

मी घेतला.