अनोळखी पाणी

ओडिशाहून जबलपूरला परत येऊन महिना झाला, तरी आमच्या गाडीच्या मॅटखालून अजून वाळू निघते. किश्श्यांचंही तसंच. एक सांगून संपवावा, तर दुसरा हाताला लागतो. आणि सकाळी फिरायला येणारे आमचे रिटायर्ड मित्र एका किश्श्यावर थोडेच सोडतात!

आधी जायचं कारण सांगतो. कुंदा, माझी बायको, भेडाघाटची. लहानपणापासून नर्मदेत पोहलेली. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढावा लागला. ती बरी झाली, पण पाण्यात उतरणं सुटलं. डॉक्टरांची ना नव्हती, तिलाच नको होतं. कपडेही ती माझ्यापासून लपून, दार लावून बदलायची. या हिवाळ्यात मात्र एकदम म्हणाली, "मला पोहायचं आहे. पण आपल्या घाटावर नाही. तिथं सगळे ओळखीचे."

मी त्याच दिवशी ओडिशाचा समुद्र ठरवला आणि गाडी सर्व्हिसिंगला टाकली.

*

माझी सगळी नोकरी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, सेफ्टी सेक्शनला झाली. आत काडेपेटी न्यायची नाही, म्हणून गेटवर रोज झडती. ती सवय अंगात मुरली आहे. वाटेत एका म्हातारबुवांनी लिफ्ट मागितली. कानावर बिडी दिसली, झालं! मी त्यांना हात वर करायला लावले, खिसे चाचपले आणि काडेपेटी काढून घेतली.

म्हातारबुवांनी मुकाट्याने झडती दिली. मग मलाच हात वर करायची खूण केली. माझ्या खिशातून कागदात गुंडाळलेली खोव्याची जलेबी निघाली. मला शुगर आहे. स्टिअरिंगवर कुंदा होती. तिने जलेबी म्हातारबुवांना दिली, त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि मला मागे धाडलं.

*

आमची मुलगी इंदोरला असते. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीत. रोज तिचा फोन यायचा, "बाबा, मम्मी को गहरे पानी में मत जाने देना।"

शेवटी कुंदाने फोन हातात घेतला. "अगं, पोहता मला येते. तुझ्या बाबाले येत नाही. माझी काळजी काहून करून राहिली?"

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन मलाच आला. "बाबा, आप गाड़ी में ही बैठना।"

*

किनाऱ्यालगत वाळूच्या चांगल्या उंच टेकड्या आहेत. मी फॅक्टरीचे जाडजूड सेफ्टी शूज घालून कुंदाच्या मागे चढायला निघालो. माथ्यावर पोचेपर्यंत बुटांत अर्धी टेकडी भरली होती. ती झाडायला एका पायावर उभा राहिलो आणि जो घरंगळलो, तो थेट पायथ्याशी. चहाचा थर्मास मात्र छातीशी घट्ट होता.

खाली कोळणी जाळी विणत बसल्या होत्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "नर्मदे हर." त्या म्हणाल्या, "जय जगन्नाथ," आणि चहासाठी हात पुढे केले.

वर कुंदा पोट धरून हसत होती. तिचं ते हसणं मी दोन वर्षांनी ऐकलं. त्यासाठी आणखी दोनदा पडलो असतो.

*

समुद्रावर तिने धीर केला. दुपट्टा पिनांनी घट्ट लावला आणि घोट्याभर पाण्यात जाऊन उभी राहिली. तेवढ्यात मागून हाक आली, "अरे दीदी! एमपी बीस? आप भी जबलपुर से?" गाडीची नंबरप्लेट पाहून एक अख्खं कुटुंब धावत आलं होतं. भली माणसं. फोटो काढले, बिस्किटं दिली, घरी यायचं आमंत्रण दिलं.

कुंदा सगळ्यांशी नीट बोलली आणि गाडीत येऊन बसली. "चला, घरी जाऊ," म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

*

टेकड्यांच्या मागे गोड्या पाण्याचं तळं आहे, असं त्या कोळणींनी सांगितलं होतं. मी कुंदाला म्हटलं, नुसतं पाहून जाऊ. काठाला केवड्याचं दाट बन, आणि चिटपाखरू नाही. ती पाण्याकडे बघत राहिली. मग पिशवीतून तिने पोहायचे कपडे काढले.

आपल्याकडे घाटावर बाई कपडे बदलते तेव्हा सोबतच्या बाया चादर धरून आडोसा करतात. इथे दुसरी बाई कुठली? मी गाडीतली सोलापुरी चादर आणली, दोन्ही हातांनी ताणून धरली, तोंड टेकडीकडे वळवलं आणि डोळे मिटले. वारा जोराचा होता. चादर सावरताना माझे दंड भरून आले.

बराच वेळ कसलाच आवाज नाही. ती परत फिरते की काय, या भीतीने मी चादर आणखी ताणली.

"अहो," ती म्हणाली, "कोणापासून लपवून राहिले? इथं तर तुम्हीच आहात."

"म्हणूनच," मी म्हणालो.



"खाली घ्या ती चादर. हात दुखून राहिले असतील तुमचे."

मी चादर खाली घेतली आणि वळलो. तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि पाण्यात उतरली.